पॅटर्न जुना, कास्टिंग नवं

भाच्यानं मोबाईलवर वेळ काढून ठेवली होती, ६ वाजून ५२ मिनिटं. आम्ही सगळे गच्चीवर. आई स्वेटर घालून, आबा पाण्याच्या टाकीला टेकून, माझ्या हातात चहा. जोतिबाच्या डोंगराच्या अंगानं एक ठिपका वर आला, न लुकलुकता सरळ डोक्यावर आला आणि विद्यापीठाच्या बाजूला उतरता उतरता मधेच विझला. चार-पाच मिनिटांचा कारभार. भाचा सांगत होता, हे अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे, ताशी २८,००० किलोमीटरनं पळतंय, दिवसात पृथ्वीला सोळा फेऱ्या मारतंय. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं,

"आत माणसं हाईत म्हणतोस. मग ह्यांचा माल कोण पोचवतंय?"

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पन्नास वर्षं काढलेला माणूस दुसरं काय विचारणार! भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मला थोडंफार ठाऊक होतं, कारण इंजिनिअरिंगला असल्यापासून हा माझा नाद आहे. जेवताना सुरू झालेलं ते बोलणं पुढं आठवडाभर चाललं आणि त्यातनं आमच्या शॉपमधला एक जुना वाद निकालात निघाला. निकालात म्हणजे, दोघांनाही तोंड दाखवता येईल असा. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

आबा पॅटर्नमेकर. ज्यांचा फौंड्रीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी वाळूत साचा लागतो आणि साचा उठवायला त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. तो पॅटर्न. वाळूत ठोकून बसवायचा, अलगद उचलायचा, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. गार होऊन निघतं ते कास्टिंग. ओतीव लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. त्यासाठी आबांची पट्टीच वेगळी, तिच्यावरची मापं बाजारातल्या पट्टीपेक्षा किंचित लांब. सातवीत माझी पट्टी हरवली म्हणून मी आबांची नेली. भूमितीच्या पेपरात १० सेंटीमीटरची प्रत्येक रेघ एक मिलिमीटर जास्त भरली आणि मास्तरांनी सगळीकडं अर्धा-अर्धा मार्क कापला. आबा त्यावर काय म्हणाले असतील? "गार झाली असती की बरोबर आली असती."

शॉपच्या माळ्यावर असे सहाशेच्या वर पॅटर्न आहेत. खाली दोन लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, ते माझं राज्य. वाद होता ११४ नंबरच्या पॅटर्नवरून. एका पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, सागवानी, १९८६ साली आबांनी स्वतःच्या हातानं केलेलं. दरवर्षी त्याची ऑर्डर येते. कडा झिजल्यात, एका बाजूला तीन ठिकाणी पुट्टी, वरून रंगाचे इतके थर की नंबरातला चार आता नऊसारखा दिसतो. माझं म्हणणं, ॲल्युमिनियमचा नवा पॅटर्न मशीनवर काढूया. आबांचं म्हणणं दोन शब्दांचं, "चालतंय की."

(कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी: "चालतंय की" हे उत्तर होकार, नकार, राग आणि समाधान या चारही अर्थांनी वापरतात. इथं ते नकाराचं होतं.)

तर माल कोण पोचवतं. मी सुरुवात केली अमेरिकेच्या स्पेस शटलपासून, कारण जुनी गाडी बदलायची कशी आणि कशी बदलू नये, दोन्हीचं ते उदाहरण आहे. १२ एप्रिल १९८१ ला पहिलं शटल उडालं, कोलंबिया. विमानासारखे पंख, रॉकेटसारखं उड्डाण, परत येऊन धावपट्टीवर उतरणार आणि पुन्हा जाणार. सात माणसं आणि पाठीमागं वीस-पंचवीस टन माल, सगळं एकाच गाडीत. स्वप्न होतं वर्षाला पन्नासेक फेऱ्यांचं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त झाल्या त्या १९८५ साली, नऊ.

"का?"

मी टाईल्सचं सांगितलं. परत येताना तापलेल्या हवेनं भाजू नये म्हणून शटलच्या अंगाला चोवीस हजारांच्या आसपास टाईल्स चिकटवलेल्या. जवळजवळ प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर तिचा नंबर. एक निघाली तर त्याच मापाची, त्याच नंबराची दुसरी घडवायची. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या तपासायच्या.

आबांनी घास तसाच हातात धरला. "चोवीस हजार पॅटर्न?" त्यांच्या तोंडावर आधी कौतुक आलं, मग हिशेब. "आणि दर खेपेला गाडी खोलायची म्हंजे खेप परवडंल कशी?"

नेमकं तेच झालं. डिस्कव्हरी हे शटल १९८४ ते २०११ असं सत्तावीस वर्षं, ३९ वेळा वर जाऊन आलं. तोच सांगाडा, तीच गाडी. सुटे भाग बनवणारे कारखाने मधल्या काळात दुसऱ्या धंद्याला लागले. २००२ साली तर अशी पाळी आली की बूस्टरच्या, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या बाजूच्या रॉकेटांच्या, तपासणी यंत्रांसाठी ८०८६ जातीच्या चिप लागत होत्या. चिप १९७८ सालची, नवी कुठं मिळणार? मग इंटरनेटवरच्या लिलावात धुंडाळणं, भंगारात निघालेली हॉस्पिटलची यंत्रं घाऊक विकत घेऊन त्यातल्या चिप काढणं, असले उद्योग केले. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. आमच्या जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथमध्ये प्रोग्राम फ्लॉपीवरून चढवावा लागायचा आणि एका दिवाळीच्या आदल्या दिवशी मी शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला "फ्लॉपी आहे का ओ" विचारत फिरलेय. एकानं मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "ताई, कुठल्या सालातनं आलासा?"

कोलंबियाचं मात्र सांगताना थांबायला झालं. १ फेब्रुवारी २००३, शनिवार, आपल्याकडं संध्याकाळ. मी पुण्यात हॉस्टेलवर होते, मेसच्या टीव्हीपाशी. कल्पना चावला उतरणार म्हणून आम्ही आठ-दहा मुली बसलो होतो, त्यातल्या निम्म्या जणींना तिच्यामुळंच मेकॅनिकल घ्यावंसं वाटलेलं. साडेसातच्या सुमारास संपर्क तुटला. नंतर पडद्यावर आकाशातले ते पांढरे ओरखडे. मी इतकंच म्हटलं, "मी जातो वर," आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीही माझ्या कोल्हापुरी "जातो"ला हसलं नाही.

कारण पुढं कळलं. १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर बसला होता. वजन पाऊण किलो. घरी रुखवतावर ठेवतो त्या थर्माकोलाच्या जातीचंच काहीतरी, पण वेगानं आलेलं. पंखाच्या कडेला भोक पडलं, सोळा दिवस कुणाला कळलं नाही, आणि परत येताना त्या भोकातून जाळ आत शिरला. फोम सुटायचा हे आधीच्या फेऱ्यांतही दिसलेलं होतं. दरवेळी काही झालं नाही, म्हणून "चालतंय की" झालं. १९८६ साली चॅलेंजरचंही तेच. बूस्टरच्या जोडातल्या रबरी रिंगा थंडीत ताठर होतात, जळक्या खुणा आधी सापडल्या होत्या, तरी कडाक्याच्या थंडीत उडवलं आणि ७३ सेकंदांत सात माणसं गेली.

"रबर ओरिंग?" आबांनी विचारलं. "आपल्या हायड्रॉलिकात असतीया तसली?"

"तसलीच. मोठी."

त्यावर ते काही बोलले नाहीत. आईनं ताटं उचलली.

कोलंबियाच्या चौकशी मंडळानं २००३ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यात फोमइतकाच एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. या गाडीला पर्याय उभा करायला इतकी वर्षं मिळाली आणि तो उभा राहिला नाही, हे देशाच्या नेतृत्वाचं अपयश आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. पर्याय सुरू केले नव्हते असं नाही. एक्स-३३ नावाचं यान १९९६ ला हाती घेतलं. त्यात सगळंच एकदम नवं: नवं इंजिन, नवा आकार, नव्या मटेरियलची इंधनटाकी. टाकी १९९९ च्या चाचणीत फाटली, २००१ ला प्रकल्प बंद. उद्यमनगरात कुठलाही पोरगा सांगेल, एका जॉबमध्ये एका वेळी एकच गोष्ट नवी करावी. मटेरियल, टूल आणि ऑपरेटर तिन्ही एकदम बदलले तर बिघडल्यावर शिव्या कुणाला घालायच्या तेच कळत नाही.

मग जानेवारी २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं: स्थानक बांधून झालं की २०१० ला शटल बंद, नवं यान २०१४ पर्यंत. म्हणजे मधली चार वर्षं गाडी नाही, हे ठरवूनच. अटलांटिस शेवटचं उतरलं २१ जुलै २०११ ला, १३५ वी फेरी. आणि अमेरिकेच्या जमिनीवरून पुन्हा माणूस स्थानकाकडं निघाला तो ३० मे २०२० ला. चार वर्षांची जवळजवळ नऊ झाली. त्या नऊ वर्षांत स्थानकावर जाणारी प्रत्येक अमेरिकन खुर्ची रशियाच्या सोयूझ यानात भाड्यानं. दर वर्षागणिक वाढत गेला आणि शेवटच्या खुर्चीला ९ कोटी डॉलर मोजावे लागले.

इथं आबा मोठ्यानं हसले. कारण हे आमच्या घरात घडलेलं आहे आणि चूक माझी होती.

तीन वर्षांपूर्वी मी शॉपचा जुना टेम्पो विकला. शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग आणायचा, जाताना केबिनमध्ये पोरंही बसवून न्यायचा. पासिंगला दरवर्षी कटकट, सायलेन्सरला वेल्डिंगवर वेल्डिंग. शोरूमवाला म्हणाला, एक्स्चेंज करा, नवा दोन महिन्यांत दारात. आबा सांगत होते, नवा दारात येऊ दे, मग जुन्याची किल्ली दे. मी ऐकलं नाही, एक्स्चेंजची रक्कम चांगली होती. नवा आला सातव्या महिन्यात. तोवर भाड्याचा टेम्पो. पहिल्या खेपेला ७०० रुपये घेणारा माणूस पाचव्या महिन्यात १,२०० म्हणाला आणि वर "ताई, तुमच्यासाठी म्हणून." त्याला दोष देत नाही, रशियालाही देत नाही. आपल्याकडं गाडी नाही हे समोरच्याला ठाऊक असलं की दर तोच ठरवणार.

"म्हंजे नासानं पण शोरूमवाल्याचं ऐकलं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेचात सापडले. शटल जुनं झालं म्हणून काढलं हे आबांना पटलं. पण मग सोयूझचं काय? सोयूझमधून माणूस पहिल्यांदा गेला १९६७ च्या एप्रिलमध्ये. ती तर शटलपेक्षा चौदा वर्षांनी जुनी, आणि अजून चालते. आबांना राकेश शर्मा आठवत होतेच. ३ एप्रिल १९८४, सोयूझ टी-११. "त्योच टेम्पो अजून पळतोय? मग माझा ११४ नंबर कशाला बदलायचा?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण ते त्यांच्या बाजूचं होतं. ते मलाच द्यावं लागलं, आणि देताना मलाही पहिल्यांदा नीट कळलं. सोयूझ यान एकदाच वापरतात. तिचे तीन भाग. माणसं परत येतात ती मधल्या घंटेच्या आकाराच्या भागातून, पॅराशूटनं, कझाकस्तानच्या माळावर. उरलेले दोन भाग वरच सुटतात आणि हवेत जळून जातात. पुढच्या खेपेला कोरी गाडी. माल नेणारं प्रोग्रेस तर त्याच साच्यातलं, १९७८ पासून चालू, अडीच टनांच्या आसपास सामान पोचवतं, मग त्यात स्थानकावरचा कचरा भरतात आणि सगळंच जाळून टाकतात. राकेश शर्मा गेले ती सोयूझ आणि आज जाते ती सोयूझ, आराखडा एक, पण वस्तू दर वेळी नवी.

आबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "पॅटर्न जुना, कास्टिंग नवं."

"आणि शटल?"

"एकच कास्टिंग, तीस वर्षं वेल्डिंग करून वापरलेलं."

इतकी वर्षं मी या विषयावर वाचतेय, पण "जुनं यान" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. झिजतं ते कास्टिंग. पॅटर्न झिजत नाही असं नाही, पण त्याची झीज वेगळी. आणि रशियानं पॅटर्नही आहे तसा ठेवला नाही. सोयूझ टी, टीएम, टीएमए, टीएमए-एम, एमएस, प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक दुरुस्ती. टीएमएमध्ये उंच माणसं मावतील अशा खुर्च्या बसवल्या. २०१० च्या टीएमए-एममध्ये जुना अर्गॉन कॉम्प्युटर काढून नवा डिजिटल घातला, गाडी ७० किलोनं हलकी झाली. एका वेळी थोडंच बदलायचं, चालवून बघायचं, मग पुढचं. सुरुवातीला १९६७ आणि १९७१ अशा दोन वेळा मिळून चार माणसं गेली त्या गाडीत. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रॉकेट मधेच बिघडलं तेव्हाही दोघं जण पॅराशूटनं सुखरूप खाली आले.

आबांना सगळ्यात आवडलं ते खुर्चीचं. सोयूझ जमिनीवर आपटते तेव्हा पाठीला दणका बसू नये म्हणून प्रत्येक अंतराळवीराच्या अंगाच्या मापाची बैठक बनवतात. त्याला प्लास्टरमध्ये झोपवतात, पाठीचा ठसा घेतात आणि त्यावरून आतलं अस्तर घडवतात. ज्याचं त्याचं वेगळं. आबांनी मला मोबाईलवर फोटो काढायला लावला. पांढऱ्या प्लास्टरच्या टबात झोपलेला माणूस आणि भोवती चौघं कारागीर. चष्मा वर करून बघितला. "ह्यो खरा पॅटर्नमेकर," म्हणाले. "माणसालाच वाळूत बसवलाय."

मग ते अस्तर कामाला कसं आलं तेही सांगितलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्थानकाला जोडून असलेल्या सोयूझमधून गाडी गार ठेवणारं द्रव गळून गेलं. आत बसून तीन माणसं परत येणं धोक्याचं. नवी रिकामी सोयूझ येईपर्यंत मधेच काही झालं तर काय? तर फ्रँक रुबिओ या अमेरिकन गड्याचं अस्तर सोयूझमधून उचलून शेजारी उभ्या असलेल्या स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या ड्रॅगन यानात नेऊन बांधलं. रशियन खुर्चीची गादी अमेरिकन गाडीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिकामी सोयूझ वर गेली. सहा महिन्यांसाठी गेलेला रुबिओ ३७१ दिवसांनी उतरला.

इथंच मला माझी बाजू सापडली. कारण गादी बांधायला शेजारी दुसरी गाडी होती.

२०१९ चा महापूर इथल्या कुणाला आठवत नाही? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कितीतरी दिवस बंद. आमच्या शॉपमध्ये थेंबभर पाणी नव्हतं. मशीन चालू, वीज अधूनमधून, पोरं हजर. पण कास्टिंग पाण्यापलीकडच्या फौंड्रीत आणि एकुलता एक पॅटर्नही तिथंच. मी लेथ पुसत बसले होते अक्षरशः. त्या वर्षी आबांनी पहिल्यांदा मान्य केलं की चार मुख्य पॅटर्नांची जोडी करून एक अलीकडच्या फौंड्रीत ठेवावी. ११४ त्या चारांत नव्हता. तो मुद्दा तसाच राहिला.

स्थानकाचा पूर २०१४-१५ ला आला. २८ ऑक्टोबर २०१४, सिग्नस हे मालवाहू यान रॉकेटसकट उड्डाणाच्या जागेवरच फुटलं. २८ एप्रिल २०१५, प्रोग्रेस वर जाऊन गरगरत राहिलं, स्थानकापर्यंत पोचलंच नाही. २८ जून २०१५, ड्रॅगनचं रॉकेट हवेत फुटलं. आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या गाड्यांची तीन सामानं गेली. (आबा म्हणाले, अठ्ठावीसला माल भरायचाच न्हाई. आई म्हणाली, आपलं लग्न अठ्ठावीसलाच झालंय.) तरी वरची माणसं उपाशी राहिली नाहीत. जुलैत दुसरं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी पोचलं. चार वेगळ्या कारखान्यांतल्या, वेगळ्या रॉकेटवर बसणाऱ्या गाड्या होत्या म्हणून निभावलं. जपाननं ते यान नऊ फेऱ्यांनंतर २०२० ला थांबवलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी नवं एचटीव्ही-एक्स धाडलं. इथंही मधे पाच वर्षं गेली, पण बाकीच्या गाड्या चालू होत्या, त्यामुळं कुणाला जाणवलंही नाही.

उलट बाजूही बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सोयूझ कझाकस्तानातल्या बैकोनूरहून तीन माणसं घेऊन व्यवस्थित गेली, पण मागं लाँच पॅडखालचा सर्व्हिस प्लॅटफॉर्म कोसळून पडला. रशियाकडं माणसं धाडायला तेवढा एकच पॅड. पॅटर्न शाबूत, कास्टिंग शाबूत, भट्टीच बंद पडली.

शटलच्या जागी नासानं शेवटी जे केलं ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं, उशिरा केलं तरी. माल आणि माणसं वेगळी केली. गाडी स्वतः बांधायची सोडून खेपेचा ठेका दिला, आणि २०१४ मध्ये माणसं नेण्याचं काम एकाला न देता दोघांना दिलं. बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी. तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की बोइंग जुनी जाणती, तीच आधी पोचणार. ड्रॅगन २०२० ला माणसं घेऊन पोचलं. बोइंगचं स्टारलायनर जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेलं, हेलियम गळायला लागला, थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, दगा देऊ लागले, आणि सप्टेंबरमध्ये ते रिकामंच खाली आणलं. आठ दिवसांसाठी गेलेली दोघं मार्च २०२५ ला उतरली ती ड्रॅगनमधून. दुसरा ठेकेदार नसता तर? शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला गेले तेही ड्रॅगननंच. गगनयानाला आपलं स्वतःचं माणूस नेणारं यान म्हणून मी डोळे लावून बसलेय. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून त्याच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी झाली तेव्हा शॉपमध्ये मशीन थांबवून सगळ्यांना दाखवली होती. पोरांना वाटलं फुकटची सुट्टी.

एक गोष्ट आबांना सांगितली नव्हती, ती शेवटी सांगितली. २०११ च्या शेवटच्या शटलनं स्थानकाच्या दारावर एक लहान झेंडा ठेवला होता. तोच झेंडा १९८१ च्या पहिल्या शटलमधून जाऊन आलेला. अमेरिकेतून पुढची जी गाडी माणसं घेऊन येईल तिनं तो परत न्यायचा, असं ठरलं. नऊ वर्षं तो तिथंच. २०२० ला ड्रॅगन आलं, त्याचा कमांडर डग हर्ली. आणि २०११ च्या त्या शेवटच्या शटलचा पायलट कोण? हर्लीच. स्वतःच ठेवलेला झेंडा स्वतःच काढून घरी नेला त्यानं.

आबा म्हणाले, "म्हंजे माणूस जुनाच चालला की. गाडी बदलली."

मी त्या संधीचा फायदा घेतला. ११४ चा नवा पॅटर्न ॲल्युमिनियमचा, मशीनवर काढायचा, पण मापं आबांनी द्यायची. कुठं ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न वाळूतनं सुटायला दिलेली उतरती, जास्त लागतो, कुठल्या कोपऱ्यात वाळू चिकटते, पुट्टी कुठं आणि का भरली, हे त्या लाकडावर वाचता येतं ते फक्त त्यांना. तीन दिवस आम्ही दोघं माळ्याच्या उजेडात बसलो. आबा बोटं फिरवत होते, मी लिहून घेत होते. एका कडेला त्यांनी थांबून म्हटलं, "ही उतरती १९९३ ला वाढवली. मोल्डर शिव्या घालायचा." ड्रॉइंगमध्ये ती कुठंही नाही.

आणि आबांची अट: नव्या पॅटर्नचे तीन लॉट पास होईपर्यंत लाकडी ११४ फौंड्रीतनं हलवायचा नाही. मोल्डरच्या शेजारी, रॅकवर, उजेडात राहील. मी लगेच हो म्हटलं. टेम्पो अजून आठवतो.

पहिले दोन लॉट पास झाले. तिसरा गेल्या मंगळवारी आला, चाळीस नगांतल्या दोघांना फ्लँजपाशी (जोडाच्या कडेला) ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेली पोकळी. फौंड्रीवाला म्हणतो वाळू ओली होती, पॅटर्नचा संबंध नाही. मलाही तसंच वाटतं. आबांनी दोन्ही नग टेबलावर ठेवून घेतलेत, रोज सकाळी चहा पिताना एकदा उलटून बघतात, काही बोलत नाहीत. लाकडी ११४ अजून रॅकवरच आहे, आणि चौथ्या लॉटची वाळू सोमवारी भरणार आहेत.